धम्मपालनं बंद केलेल्या वॉर्निंग्ज

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर धम्मपाल आणि दर्शना अहिरे राहतात. दारावरच्या पाटीवर दोघांची नावं आहेत आणि खाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द आहे, 'ताळा'. नवीन कुरियरवाले कधी कधी ते तिसऱ्याच माणसाचं नाव समजतात आणि ताळासाहेब घरात आहेत का म्हणून विचारतात.

शाळेत गणित सुटलं की उलट्या बाजूनं पडताळून बघायचं, त्याला ताळा करणं म्हणतात. धम्मपालनं आपल्या सॉफ्टवेअरला तेच नाव दिलं होतं. हे सॉफ्टवेअर म्हणजे उघडून बघावं असं काही नव्हतं. ती गणिताची लायब्ररी होती, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमनी आतून वापरायची. एखादा इंजिनिअर गोदामाची शेड आखतो, पाण्याची टाकी आखतो, तेव्हा कुठल्या खांबावर किती भार येईल हे काढायला कॉम्प्युटरला हजारो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. ते सोडवण्याचं काम 'ताळा' करायचं, आणि फार जलद करायचं. विद्यार्थ्यांना ते फुकट होतं. काही कंपन्या वापरायच्या, त्यावर दोघांचं घर चालायचं.

जलद करण्याचा नाद धम्मपालला घाटकोपरपासून लागलेला. त्याचे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते, घर पंतनगरला. एम.एस्सी. करताना तो स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सकाळची बॅच शिकवायचा. तिथले कॉम्प्युटर इतके जुने की पोरं चालू करून चहा पिऊन यायची. त्या डबड्यांवर मोठी गणितं पळवायची म्हणजे एकेक बेरीज जपून करावी लागे. दर्शना त्याच बॅचमध्ये शिकायला आली. सर फळ्यावर लिहिताना स्वतःशीच हसतात, हे तिनं पहिल्या आठवड्यात हेरलं. पुढे तिला टेस्टिंगची नोकरी लागली, त्याला अंधेरीत प्रोग्रॅमरची, आणि लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी नोकऱ्या सोडून घरातच 'ताळा' सुरू केलं. लिहायचं त्यानं, तपासायचं आणि बिल्ड करायचं तिनं.

बिल्ड करणं म्हणजे माणसानं लिहिलेला कोड कम्पायलरच्या हवाली करायचा आणि त्यानं तो मशीनच्या भाषेत उतरवून द्यायचा. उतरवताना कम्पायलर दोन गोष्टी बोलतो. चूक असली तर काम थांबवतो. आणि चूक नसली तरी काही खटकलं तर तसं सांगून पुढे जातो, ती वॉर्निंग. ही किंमत काढलीस पण कुठे वापरली नाहीस. हा आकडा मोठा आहे आणि जागा लहान, कापला जाईल. काम अडत नाही म्हणून बहुतेक लोक वॉर्निंग्ज वाचतच नाहीत. अहिऱ्यांच्या घरात मात्र एकही वॉर्निंग उरली असेल तर नवं व्हर्जन बाहेर जायचं नाही. हा नियम धम्मपालचाच. दर्शना कंटाळून म्हणायची, जाऊ दे ना आता, चालतंय तर. त्यावर तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा.

"तो बिचारा आधीच सांगतोय," म्हणायचा. "ऐकायला काय जातं आपलं?"

पोटी मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीनं केलं आणि मग ते फारसं बोललं गेलं नाही. लोक विचारायचे, तेव्हा धम्मपाल दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायचा.

मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर श्रेयसचा फोन आला. श्रेयस धम्मपालचा जुना विद्यार्थी, सांताक्रूझच्या एका छोट्या फर्ममध्ये शेडची डिझाइन्स करणारा. फोन त्यानं सरांना न करता मुद्दाम दर्शनाला केला होता. 'ताळा'चं नवं व्हर्जन हळू चालतंय, तो म्हणाला. तेच काम जुन्या व्हर्जनवर निम्म्या वेळात होतंय. मग थोडा घुटमळला आणि म्हणाला की एका शेडमध्ये दोन व्हर्जनची उत्तरंही जुळत नाहीयेत. त्यानं हातानं करून पाहिलं होतं. जुनं बरोबर येत होतं.

दर्शनाला आधी रागच आला. तिच्या बिल्डमध्ये एकही वॉर्निंग नव्हती, सगळ्या टेस्ट पास होत्या. तरी तिनं शोधायला घेतलं. कोडच्या कुठल्या भागात किती वेळ जातो हे मोजता येतं. तसं मोजल्यावर सगळा वेळ धम्मपालनं गेल्या दोन वर्षांत लिहिलेल्या फाइलींत जातोय, हे दिसलं. त्यातली एक फाइल तिनं उघडली. अगदी वर, धम्मपालच्या नावाखाली, काही ओळी होत्या. त्या कम्पायलरसाठी होत्या. या फाइलीपुरत्या वॉर्निंग्ज देऊ नकोस, एवढाच त्यांचा अर्थ.

दुसऱ्या कुणाचा गचाळ कोड आत घ्यावा लागला तर लोक अशा ओळी टाकतात. पण ही फाइल धम्मपालची होती. दर्शनानं दुसरी उघडली, तिसरी उघडली. नव्या प्रत्येक फाइलीत त्या ओळी होत्या. आपण इतके महिने जो स्वच्छ बिल्ड बघून समाधानानं चहा प्यायलो, तो मुळात मुका केलेला होता, हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्या ओळी काढल्या आणि पुन्हा बिल्ड लावला.

स्क्रीन थांबेचना. वॉर्निंगमागून वॉर्निंग वर सरकत गेली. आळस, तिच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. कंटाळला आणि झाकून ठेवलं. तिनं वरपासून वाचायला घेतलं.

एका ठिकाणी त्यानं मोठी बेरीज काढली होती, आणि ती कुठेच वापरली नव्हती. खाली तीच बेरीज पुन्हा काढली होती, वेगळ्या नावानं. त्याच्याही खाली तिसऱ्यांदा. एका फंक्शनमध्ये, म्हणजे एक ठरावीक गणित करून उत्तर देणाऱ्या कोडच्या तुकड्यात, ते उत्तर परत द्यायचंच राहिलं होतं. एके जागी दोन आकडे सारखे आहेत का हे तपासायच्या ऐवजी एकात दुसरा भरून टाकला होता. ही चूक घाटकोपरच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच तो पोरांच्या हातून घालवून टाकायचा. एक अख्खा भाग असा होता की तिथपर्यंत प्रोग्रॅम कधी पोचणारच नाही, आणि तो भाग सुबक लिहिलेला होता, वर समजावणाऱ्या ओळींसकट. काही तरी करायला घ्यावं, मध्येच विसरावं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं, तसं सगळं. वेग कुठे जात होता ते तिला कळलं. तेच तेच गणित मशीन पुन्हा पुन्हा करत होतं.

आणि टेस्ट पास कशा होत होत्या, तेही कळलं. उत्तर किती इकडेतिकडे झालेलं चालेल याची एक मर्यादा असते. ती मर्यादा कुणी तरी सैल करून ठेवली होती.

वाचता वाचता तिचा राग कधी गेला हे तिला समजलं नाही. तिला वर्षभरापूर्वीचा एक फोन आठवला. स्टेशनवर उतरून धम्मपालनं विचारलं होतं की आपण ईस्टला राहतो की वेस्टला, आणि ती काही म्हणायच्या आत स्वतःच मोठ्यानं हसला होता. तिलाही तो विनोद वाटला होता.

धम्मपाल स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. दर्शना समोर जाऊन बसली. काय विचारायचं ते तिनं मनात जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"वॉर्निंग्ज तू बंद केल्यास?"

त्यानं हातातली पाकळी सोलून संपवली. सालं एका बाजूला गोळा केली.

"मला त्या समजेनाशा झाल्या होत्या," तो म्हणाला. "वाचायचो. शब्द कळायचे, काय म्हणतोय ते कळायचं नाही. मग पुन्हा वाचायचो. रोज वाढायला लागल्या. तुझ्या स्क्रीनवर दिसल्या असत्या."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू काम काढून घेतलं असतंस."

तिनं खरंच काढून घेतलं असतं. तिनं पुढ्यातल्या लसणाचा एक गड्डा उचलला आणि दोघं तो ढीग संपेपर्यंत सोलत राहिली.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि सावकाश बोलत होत्या. या वयात हा आजार कमी दिसतो पण दिसतो, त्या म्हणाल्या. गोळ्या देऊ, त्यानं थोडा उशीर होईल. कशाला उशीर होईल, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि धम्मपालनंही विचारलं नाही. त्याला माहीत होतं. त्याचे वडील असेच गेले होते. रिटायर होण्याआधीच त्यांच्या हातून मापं चुकायला लागली होती. शेवटी पंतनगरच्या आपल्याच चाळीसमोर उभे राहून ते लोकांना पंतनगर कुठे म्हणून विचारायचे. धम्मपाल तेव्हा कॉलेजात होता. त्यांना शोधून आणायचं काम त्याच्याकडे असे.

सुंदराबाई, त्याची आई, अजून पंतनगरलाच धाकट्या मुलाकडे राहते. दर्शना एकटीच तिला सांगायला गेली. सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की आधी कुणाला कळलं, तुला का त्याला.

"त्यांना," दर्शना म्हणाली. सासूसमोर ती नवऱ्याला अहोजाहो करते.

"त्याच्या बापालाबी आधी समजलं व्हतं," म्हातारी म्हणाली. "मलाच लई उशिरा समजलं." आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत बसली. दर्शना त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

'ताळा'चं काय करायचं हा प्रश्न मात्र थांबणारा नव्हता. कुणाच्या तरी शेडचे खांब या आकड्यांवर उभे राहणार होते. दर्शनानं दोन वर्षांतली सगळी व्हर्जन्स मागे घेतली आणि वापरणाऱ्या सगळ्यांना मेल लिहिला. ही व्हर्जन्स वापरू नका, केलेली कामं जुन्या व्हर्जनवर पुन्हा तपासून घ्या, तपासणीची जबाबदारी माझी होती आणि मी ती नीट पार पाडली नाही. पाठवण्याआधी धम्मपालला दाखवला. तो ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला होता. वाचून झाल्यावर म्हणाला, माझं लिही की. मी आजारी आहे म्हणून झालं असं लिही. लोक तुला निष्काळजी म्हणतील.

"म्हणू देत," दर्शना म्हणाली, आणि मेल पाठवून टाकला.

लोक म्हणालेच. काहींनी कडक शब्दांत लिहिलं, दोन कंपन्यांनी काम बंद केलं. सुदैवानं चुकीचे आकडे कागदावरच सापडले, कुठे काही पडलं नाही. श्रेयसनं आपल्या फर्मचं सगळं काम पुन्हा तपासलं आणि त्याबद्दल एक अक्षर तक्रार केली नाही. तो रविवारी घरी यायला लागला. सरांशी गप्पा मारायचा, मग दर्शनाच्या शेजारी बसून कोड साफ करायला मदत करायचा.

साफ करणं म्हणजे खरं तर पुसणं. धम्मपालची शेवटची दोन वर्षं एकेक फाइल करून काढून टाकायची आणि त्याआधीचा कोड परत जागेवर आणायचा. जुना कोड नव्या कम्पायलरवरसुद्धा एकही वॉर्निंग न देता बिल्ड व्हायचा आणि सुसाट पळायचा. दर्शनाला ते बघवत नसे. पलीकडच्या खोलीत धम्मपाल टीव्हीसमोर बसलेला असे, आवाज बंद करून.

या पुसण्यातच ते फंक्शन सापडलं.

लांबलचक शेड किंवा पूल असला की समीकरणांतले आकडे सगळीकडे पसरत नाहीत, एका तिरक्या पट्टीत राहतात. अशा गणितांसाठी धम्मपालनं एक छोटं फंक्शन लिहिलं होतं. बिघडलेल्या फाइलींच्या मधोमध ते एकटंच धडधाकट उभं होतं. दर्शनानं कम्पायलरला जेवढ्या म्हणून वॉर्निंग्ज देता येतात तेवढ्या चालू करायला सांगितल्या, तरी तो गप्पच राहिला. आणि वेग असा की धम्मपालच्या चांगल्या दिवसांतल्या कोडपेक्षाही दुप्पट. हजारो वेगवेगळी गणितं तिनं त्यातून काढून पाहिली. सगळी बरोबर.

फक्त ते का बरोबर येतं, हे तिला कळत नव्हतं. नेहमीच्या क्रमानं आकडे काढायच्या ऐवजी त्यानं मधूनच कुठून तरी सुरुवात केली होती आणि एक तपासणी सरळ गाळली होती. ती गाळूनही चालतं असा त्याचा काही तरी हिशोब असणार. किंवा ती गाळल्याचं त्याच्या लक्षातच आलं नसणार.

दुपारच्या वेळी त्याचं डोकं बरं चालायचं. तशा एका दुपारी तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि ते फंक्शन दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दर्शनानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. फळ्यावर लिहिताना स्वतःशीच हसणारा माणूस क्षणभर तिथे बसला होता.

"पट्टीचं," तो म्हणाला. "हे बरोबर आहे."

"का बरोबर आहे?"

"बरोबर आहे गं."

"ते मला दिसतंय. का, ते सांग ना मला."

त्यानं पेन्सिल मागितली. जवळच्या वर्तमानपत्राच्या कडेला एक तिरकी पट्टी काढली, तिच्या मध्यावर टिंब दिलं, टिंबापासून दोन्ही बाजूंना बाण काढले. बरोबर आहे, दर्शनाला वाटलं, आता तो सांगणार. पेन्सिल एका बाणाच्या टोकावर थांबली होती. ती तिथेच राहिली. थोड्या वेळानं त्यानं ती टेबलावर आडवी ठेवली.

"आत्ता होतं," तो म्हणाला.

नंतरचे काही आठवडे दर्शना त्या बाणांमागे लागली. श्रेयस दोन रविवार त्यातच बसला. शेवटी म्हणाला, ठेवा मॅडम, सगळं जुळतंय, एकही उत्तर चुकत नाही. जुळतंय ते मलाही दिसतंय, दर्शना म्हणाली, का जुळतंय ते तू सांगू शकतोस? त्याला सांगता येईना. आपण न तपासलेल्या एखाद्या गणितावर ते फसलं तर फसताना कम्पायलर ओरडणार नाही, टेस्ट ओरडणार नाही, आणि ज्याला माहीत होतं तो माणूस सांगू शकणार नाही. आधीच एकदा असा मेल लिहून झाला होता. एवढं सगळं बोलून झाल्यावरही तिनं निर्णय लांबवला, आणि ज्या दिवशी नवं व्हर्जन बाहेर जायचं त्या सकाळी ते फंक्शन काढून टाकलं. त्याच्या जागी जुनं, हळू, समजणारं घातलं.

व्हर्जन गेल्याचं सांगायला ती बाल्कनीत आली. धम्मपालच्या लक्षात तो दिवस राहिला होता. खाली मुलांचं क्रिकेट चाललं होतं, ते सोडून तो तिच्याकडे वळला.

"पट्टीचं ठेवलंस ना?"

"ठेवलं," दर्शना म्हणाली.

तो समाधानानं हसला. आता बघ वेग, म्हणाला. लोक विचारतील तुला, हे कसं काय जमवलं म्हणून. ती हो म्हणाली. आत आली आणि कपाटाचं दार उघडून, त्याच्याआड तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर तो विचारतच राहिला. जेवताना विचारायचा, बागेत फिरताना विचारायचा, कधी एकाच दिवसात तीन-चारदा. प्रत्येक वेळी ती ठेवलं म्हणायची, आणि प्रत्येक वेळी त्याला तेवढाच आनंद व्हायचा. एकदा त्यानं श्रेयसलाच विचारलं. श्रेयसनं दर्शनाकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. "हो सर," तो म्हणाला, "दुप्पट पळतंय." आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला.

आता 'ताळा' श्रेयस सांभाळतो. दर्शनानं पुन्हा टेस्टिंगची नोकरी धरली आहे, बरंचसं काम घरून करते. अंधेरीला जावं लागतं त्या दिवशी धम्मपालजवळ बसायला एक बाई येतात. त्या त्याच्याशी पत्ते खेळतात. तो जिंकतो, असं त्या सांगतात. पट्टीचं ते फंक्शन दर्शनाच्या कॉम्प्युटरवर वेगळं ठेवलेलं आहे. कधी सवड मिळाली की ती ते उघडते, पेन्सिल घेऊन बसते, टिंबापर्यंत पोचते. बाणांचं कोडं अजून सुटलेलं नाही.

परवा श्रेयसनं नवं व्हर्जन निघाल्याचं फोनवर सांगितलं. दर्शनानं ते तिथल्या तिथे धम्मपालला सांगितलं, आणि उत्तर ओठांवर तयार ठेवून थांबली. त्यानं बरं म्हणून मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. ती आणखी थोडा वेळ थांबली. मग तिच्या लक्षात आलं की त्यानं हे विचारणं मागेच कधी तरी सोडून दिलं आहे. शेवटचं कधी विचारलं होतं ते तिनं आठवून पाहिलं. तिला आठवेना.